प्राइम९५ : गोव्याच्या पावसाळ्यात चालवावं का?

फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर बहुतेक जण नव्या प्रोसेसरला घाम फोडण्यापुरतंच वापरतात. त्याचं खरं काम मर्सेन संख्या तपासण्याचं: २ चा अमुक घात, वजा १, ही संख्या मूळ (प्राइम) आहे का? घातांक जिम्प्स या मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाकडून येतो, निकाल तिथेच जातो. प्रकल्प १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केला.

जुनी ल्यूकास-लेमर चाचणी कागदावरही जमते. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक ७, संख्या १२७: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाचव्या फेरीत शून्य आलं, म्हणजे मूळ. घातांक मूळ असणं मात्र पुरत नाही. ११ ला २०४७ येते आणि ती निघते २३ × ८९. हे दोन्ही अवयव २२ च्या पटीत १ मिळवून आलेले आहेत. अवयव याच साच्यात सापडत असल्यामुळे बरेच घातांक मोठ्या चाचणीआधीच बाद होतात.

आता पहिल्या तपासणीसाठी पीआरपी, म्हणजे संख्या ‘बहुधा मूळ’ आहे का हे सांगणारी चाचणी असते. घातांक १२ कोटींचा असेल तर १२ कोटी वर्ग करायचे, तेही दर वेळी १५ एमबीच्या संख्येचे. एका वर्गाला ४ मिलिसेकंद धरले तर साडेपाच दिवस; १०० वॅट खाणाऱ्या मशीनला तेवढ्यात १३ युनिट लागतात. इतक्या कामात रॅमचा एक बिट उलटला की सगळं मुसळ केरात. इथेच हे सॉफ्टवेअर पैकीच्या पैकी घेतं: गर्बिझ तपासणी मधूनमधून हिशेब ताडून बघते आणि चूक दिसली की शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर परत जाते. ही चूक वारंवार दिसू लागली तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, रॅमचा वाढवलेला वेग उतरवा.

जून ते सप्टेंबर म्हापशात काय किंवा काणकोणात काय, वीज कधी जाईल याचा नेम नाही. सेव्ह फाइल मुळात दर ३० मिनिटांनी लिहिली जाते. ती १० वर आणा. युपीएस हवाच, कारण डिस्कवर लिहिताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. चाचणी नीट झाल्याचा पुरावाही सॉफ्टवेअर बनवतं; त्याच्या तयारीला ‘पॉवर’ हे सेटिंग ८ वर असताना डिस्कवर सुमारे ४ जीबी जागा अडते, शेवटी १३५ एमबीची फाइल वर चढवावी लागते. मोबाइल डेटावाल्यांनी हे आधीच धरावं. त्या पुराव्यामुळे दुसऱ्या मशीनला अख्खी चाचणी करावी लागत नाही, ४ लाख ६९ हजार वर्गांत भागतं.

कामं अनेक न लावता एकच लावा आणि सगळे कोर त्यालाच द्या. अडतं बहुधा रॅमच्या वेगापाशी, त्यामुळे दोन कोर कमी केले तरी फारसं बिघडत नाही आणि एसी नसलेल्या खोलीत ताप उतरतो. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दमट हवेत पंख्याची जाळी वरचेवर पुसावी. लॅपटॉपवर मात्र नकोच.

विक्रमाची आस असेल तर हेही ऐका. सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना मिळाली. तिचे अंक ४,१०,२४,३२०, शेवटचा १. ती ग्राफिक्स कार्डांवर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरने सापडली.