बंब की कुदळ? कॅलिफोर्नियातली वणव्याची हंगामी नोकरी

रात्री दोनला घंटा वाजली की कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन खात्याच्या स्टेशनातला हंगामी जवान बूट चढवून धावतो. आपण कशासाठी उठलो, हे त्याला बंबात चढता चढताच कळतं. वाळल्या गवताला लागलेली आग असेल, हायवेवर उलटलेली गाडी असेल, नाहीतर कुणा आजीच्या छातीत कळ आली असेल. त्याच वेळी फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे केंद्राच्या वनखात्याचा, हंगामी जवान डोंगरात कुठेतरी स्लीपिंग बॅगमध्ये, अंगावरची काजळी न धुताच झोपलेला असतो. दोघांचे शर्ट पिवळेच, आणि मोठी आग बऱ्याचदा एकच. २०२१ ची डिक्सी आग साडेनऊ लाख एकरांच्या वर पसरली. राज्याची जमीन कुठे संपली आणि राष्ट्रीय जंगल कुठे सुरू झालं, हे तिने कुणाला विचारलं नाही. नोकरी म्हणून मात्र या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा दोन्हीकडचे फॉर्म उघडून बसला होता आणि बहिणीचा मला रोज फोन, "तूच सांग बाबा त्याला काहीतरी." त्याने जाऊच नये, हे तिला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. तेवढं सोडून बाकीचं मी बघितलं. ते असं.

आधी कागदपत्रं. फॉरेस्ट सर्व्हिस केंद्राची, त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर भागत नाही. कॅल फायर राज्याचं खातं आहे, तिथे वय १८ पूर्ण आणि काम करण्याचा कायदेशीर हक्क लागतो. एच-वन-बीवाल्यांनी पुढचं कुतूहल म्हणून वाचावं.

आता कामाचं बघू, कारण खरा फरक तिथेच आहे. कॅल फायरकडे जवळजवळ ३ कोटी १० लाख एकरांची जबाबदारी आहे, पण त्या जमिनीवर गावं आहेत, द्राक्षबागा आहेत, रस्ते आहेत. शिवाय अनेक जिल्ह्यांनी आपलं अग्निशमन करार करून त्यांच्याच हवाली केलेलं आहे. म्हणून तिथला हंगामी मुलगा वणव्यापेक्षा प्रथमोपचाराच्या कॉलवरच जास्त वेळा जातो. होज ओढणं, पंप, शिडी, ऑक्सिजन, घराची आग हे सगळं त्याच्या अंगवळणी पडतं. राज्याकडे पायी तुकड्याही आहेत, पण नव्या मुलाच्या डोळ्यांपुढे असतो तो बंबच.

फॉरेस्ट सर्व्हिसचा जवान जळत्या घरात शिरत नाही. त्याचं हत्यार पुलास्की, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. १९१० च्या आयडाहोतल्या महाभयंकर वणव्यात आपल्या माणसांना खाणीत नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या रेंजरचं नाव त्या अवजाराला पडलं. काम सांगायला सोपं आहे. आगीच्या वाटेतलं गवत, झुडूप, मुळं, पाचोळा सगळं खरवडून खालची माती उघडी करायची. मेळघाटात, ताडोब्यात उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात त्यामागचं तत्त्व हेच, फक्त इथे आग समोर उभी असताना ते करायचं असतं आणि तेही दिवसाला १६ तास. पाणी मिळेलच असं नाही. वीस जणांची हॉटशॉट तुकडी हे या कामाचं टोक. पहिल्याच वर्षी तिथे सहसा कुणी जात नाही, पण डोळा तिकडेच असतो.

पैशाच्या बाबतीत दरपत्रक बघून फसू नका, मीटर कधी चालू असतं ते बघा. मोठ्या आगीवर गेलेला कॅल फायरचा माणूस झोपला तरी मीटर चालू. केंद्राचा माणूस शिफ्ट संपवून जमिनीवर आडवा झाला की मीटर बंद, घर शंभर कोस लांब असलं तरी. केंद्राकडे ४० तासांच्या आठवड्यावरचा सगळा ओव्हरटाइम, आणि आटोक्यात न आलेल्या आगीवर २५ टक्के जोखीम भत्ता. म्हणून तिथली पोरं हंगाम कसा गेला हे ओव्हरटाइमच्या तासांत सांगतात, आणि हजार तास झाले की कॉलर ताठ. मूळ पगार फार काळ लाजिरवाणा होता. २०२१ मध्ये काहींना तासाला १३ डॉलर मिळत होते, ते बायडन सरकारने १५ वर नेले. मार्च २०२५ पासून वाढीव पगाराचा तक्ता कायम झाला आणि दूरच्या आगीवर रोजचा वेगळा भत्ताही सुरू झाला. राज्याच्या पगाराशी असलेली दरी कमी झाली, बुजली नाही. केंद्राच्या बराकीत राहिलात तर भाडं कापलं जातं, हेही हिशोबात धरा.

राज्याकडे वर्षानुवर्षं ७२ तासांचा आठवडा होता, म्हणजे तीन दिवस सलग स्टेशनात आणि चार दिवस घरी. नव्या करारात तो ६६ तासांवर आला, म्हणजे २८ दिवसांत २४ तासांची एक पाळी कमी. ऑगस्टमध्ये मोठी आग पेटली की हे सगळं कागदावर राहतं. सुट्ट्या रद्द होतात आणि माणूस आठवडेच्या आठवडे घरी येत नाही. केंद्राचा माणूस आगीवर एका वेळी १४ दिवसांच्या फेरीवर जातो, तिला निदान शेवट ठरलेला असतो.

हंगाम किती? राज्यात जास्तीत जास्त नऊ महिने. केंद्रात तात्पुरत्या जवानाला १०३९ तास (ओव्हरटाइम यात धरत नाहीत), म्हणजे जेमतेम सहा महिने. त्या काळात आरोग्यविमा मिळतो, पेन्शनची नोंद नाही. हिवाळ्यात काय करणार, हे ज्याने ठरवलेलं नाही त्याची दोन्हीकडे पंचाईत होते, केंद्राकडे जरा लवकर.

पुढची बढती? राज्यात हंगामीतून कायम फायरफायटर, मग फायर ॲपरेटस इंजिनिअर, मग कॅप्टन. मराठी घरात सांगायला सोय आहे, मुलगा शेवटी इंजिनिअर होतो. बंब चालवून त्याचा पंप सांभाळणारा का असेना. शहरांच्या अग्निशमन दलांतही हा अनुभव मोलाचा ठरतो. केंद्रात अप्रेंटिसशिप, हॉटशॉट, हेलिकॉप्टर तुकडी, आणि रेडिंगच्या तळावरून पॅराशूटने उड्या मारणारे स्मोकजंपर. ती वाट जंगलातच राहते. केंद्राच्या कायम पदासाठी साधारण ३७ च्या आत शिरावं लागतं, हे तिशीत नोकरी बदलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बहिणीचा खरा प्रश्न जिवाचा होता. त्यात मला डावं-उजवं करता आलं नाही. बंबवाल्याला रस्त्यावरची वाहनं आणि कोसळणारी छतं, कुदळवाल्याला पडणारी झाडं आणि फिरणारा वारा. धूर दोघांच्याही वाट्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगकारक गटात टाकला. मी तिला हे लपवून ठेवलं नाही, त्यालाही नाही.

माझं मत राज्याच्या बाजूने पडलं. झोपेचे पैसे मिळतात, हंगाम लांब, आणि हाताला असं कौशल्य येतं की वणवा सोडला तरी पोट भरतं. ज्याला माणसांपेक्षा झाडांत बरं वाटतं, त्याने मात्र माझं ऐकू नये. भाच्याने ऐकलं नाही. त्याने फॉरेस्ट सर्व्हिस निवडली. तिथली चाचणी म्हणजे ४५ पौंड पाठीवर घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालायचं, धावायचं नाही. रोज सकाळी तो सॅकमध्ये वीस-वीस पौंडांच्या बासमतीच्या दोन पिशव्या आणि पाच पौंड तूरडाळ भरून निघतो. परवा बहिणीने वरणासाठी डाळ शोधली तर डबा रिकामा.