टाकीच्या गंजावर सायट्रिक ॲसिडची पूड

जुन्या गाडीच्या टाकीतला गंज काढायला कमी खर्चात याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही. पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) आधी काढा, भोक नीट बुजवा. लिटरभर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम पूड, टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी पाणी पिवळट-तपकिरी, आतला पत्रा स्वच्छ राखाडी! खरी घाई त्यानंतर: खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवा, आत थोडं इंजिन ऑइल फिरवा. नाहीतर उघडा पत्रा बघता बघता पुन्हा लाल होतो. गंजाने पडलेली बारीक भोकं ही पूड बुजवत नाही, उलट उघडी पाडते. रंगावर पैसे घालण्याआधी ती दिसतात, म्हणून मी टाकी आधी यातूनच काढतो.