वळ्यांची मडकी, चाकाशिवाय: दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी दसरा झाला आणि मी वळ्यांची मडकी, म्हणजे मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवून केलेली, करायला घेतली. आता श्रावण चालू आहे. या दहा महिन्यांत 41 भांडी उभी केली. त्यातली 19 भाजून धड बाहेर आली आणि 11 आज घरात वापरात आहेत. चाक नाही, विजेची भट्टी नाही. देवगड तालुक्यात, वाघोटणच्या खाडीपासून चालत दहा मिनिटांवर घर, मागे मांगर, म्हणजे सामानाची खोपी, आणि पुढे खळं, म्हणजे अंगण, एवढ्या जागेत सगळं केलं.

ज्यांच्या मनात हे करून बघायचं आहे त्यांना आधीच सांगते. वळी वळणं आणि एकावर एक चढवणं आठवडाभरात जमतं. माती कुठल्या वेळी किती ओली हवी हे समजायला मात्र मला हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा लागला. माझी जी 22 भांडी गेली, त्यातली बहुतेक पाण्याचा अंदाज चुकल्याने गेली.

सुरुवात मातीपासून. मी पहिली माती खाडीच्या काठावरून आणली. हाताला लोण्यासारखी लागते, वळी अजिबात तडकत नाही, त्यामुळे मला वाटलं काम झालं. भांडी सुकल्यावर काठावर पांढरी बुरशीसारखी पूड आली. ते मीठ होतं, पाणी उडून गेल्यावर वर आलेलं. तरीही मी भाजली. भट्टीतून ती चांगली लालसर निघाली, म्हणून ओटीवर मांडून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर एका वाडग्याच्या पोटावरून टिकलीएवढा टवका उडालेला, आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. आठवड्याभरात सगळ्याच भांड्यांना असे खड्डे पडले. मातीत शिंपल्यांचा बारीक चुरा होता. आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करायचे, तेच माझ्या मडक्याच्या भिंतीच्या आत झालं होतं. तो चुना हवेतला दमटपणा ओढून फुगतो आणि वरची माती ढकलून बाहेर पडतो. समुद्राच्या वाळूचंही तेच, तिच्यात मीठ आणि शिंपल्या दोन्ही असतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही माती आणि ही वाळू दोन्ही टाळावी.

सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळ पठारावरची, जांभ्याची माती तर उभीच राहत नाही, खरखरीत आणि भुरभुरीत. पण त्याच सड्यावरून वाहून आलेला बारीक गाळ खाली मळ्यात साचतो. चुलतभावाच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, नांगरटीच्या थराखाली वीतभर खणल्यावर मला हवी ती चिकण माती मिळाली. कुंभारवाडीतल्या एका आजोबांनी परीक्षा सांगितली होती: पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले नाहीत तर माती चालेल.

ही माती आधी कडकडीत वाळवा, मगच पाण्यात टाका. ओलसर ढेकूळ पाण्यात दिवसभर तसंच बसून राहतं. पूर्ण वाळलेलं ढेकूळ मात्र बुडबुडे सोडत डोळ्यांदेखत विरघळतं. मग जुन्या पातळातून गाळायचं. गाळलेला चिखल आटवायला मी जांभ्याचे चार चिरे मांडते, त्यावर सुती लुगडं पसरते आणि चिखल ओतते. चिरा पाणी पितो. हिवाळ्यात दोन दिवसांत माती मळण्याजोगी होते.

नुसती माती घेतली तर ती फार आटते. मी एक पट्टी लाटून त्यावर सुरीने 10 सेंटीमीटरची रेघ ओढली होती. सुकल्यावर तीच रेघ 9 सेंटीमीटर भरली. मडकं सगळीकडून एवढं आखडणार आणि एखादी बाजू आधी आखडली की चीर पडणार. म्हणून मी मोडक्या मंगलोरी कौलांचा भुगा मिसळू लागले, चार भाग मातीला एक भाग. भुगा एकदा भाजलेला असल्याने पुन्हा आटत नाही, शिवाय त्याच्या कडेकडेने पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. दुसऱ्या पट्टीची रेघ 9.4 वर थांबली. या एका बदलाने माझ्या सुकतानाच्या चिरा निम्म्याहून कमी झाल्या. कौलं खलबत्त्यात कुटायला वेळ लागतो आणि धूळ उडते, तोंडाला कापड बांधा.

वळ्या वळताना ज्यांनी दिवाळीत कडबोळी केली आहेत त्यांना काही शिकवावं लागणार नाही. तीच बोटं, तोच दाब, मधून कडेकडे जायचं. जोर जास्त झाला की वळी चपटी होते आणि आत पोकळी राहते. करंगळीएवढ्या जाडीची वळी मला सोयीची पडते. भांड्याच्या काठावर जुन्या काट्याने आडव्याउभ्या रेघा मारायच्या, पातळ चिखल लावायचा, वळी बसवायची. मग आतून अंगठ्याने वरची माती खालच्या वळीवर ओढायची, आणि बाहेरून खालची वर. सुरुवातीला मी फक्त बाहेरून सारवून घेत असे. दिसायला ते गुळगुळीत होतं, पण भाजल्यावर भांडं वळीच्या जोडावर अंगठीसारखं सुटून येतं. अशा दोन कड्या मी ठेवल्या आहेत. नव्याने शिकणाऱ्याला दाखवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

एका बैठकीत तीन, फार तर चार वळ्या. पुढे गेलं की खालची भिंत बसते. मग थांबायचं. खालचा भाग चपलेच्या कातड्याइतका घट्ट व्हायला हवा आणि वरचा काठ मात्र ओलाच राहायला हवा, नाहीतर पुढची वळी धरत नाही. यासाठी प्लास्टिकपेक्षा केळीचं पान बरं. काठावर ओलं फडकं आणि वर पान ठेवलं की काठ सकाळपर्यंत मऊ राहतो आणि पोट हळूहळू घट्ट होतं. खरवडायला नारळाच्या करवंटीचा तुकडा घ्या. तिचा बाक पोटाच्या बाकाला बरोबर बसतो. बुडासाठीसुद्धा मी करवंटीच वापरते, आतून राख लावलेली. राख लावली नाही तर माती चिकटते आणि सुकताना आखडायला तिला वाव राहत नाही, मग बूड मधोमध चिरतं.

नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न, चाकाशिवाय कसलं मडकं? निकोबारच्या चौरा बेटावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या चाकाशिवाय मडकी करत आल्या आहेत, मणिपूरमधल्या लोंगपीची काळी भांडीही चाकाशिवायच होतात. नायजेरियाच्या लादी क्वाली यांनी वळ्यांच्या घागरी केल्या आणि त्यांचं चित्र त्या देशाच्या 20 नायराच्या नोटेवर आहे. आणि आपला कुंभार तरी सगळं चाकावर कुठे करतो? चाकावर जाड गळा-पोट काढतो आणि मग आत दगडाचा गोळा धरून, बाहेरून थापटण्याने ठोकून ठोकून गोल बूड उतरवतो. ते ठोकणं मी कुंभारवाडीत तासभर बसून पाहिलं. मडक्याला जीव तिथे येतो.

सुकवणं हा सगळ्यात अवघड भाग, आणि कोकणात तर दर ऋतूला त्याची रीत बदलते. डिसेंबरात मी भांडी खळ्यात ठेवली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला, वाऱ्याची बाजू आधी सुकली आणि तीन भांड्यांचे काठ वाकडे झाले, एकाला वरून खाली चीर गेली. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "तिका सावलीत सुकूंदे गो. वाऱ्यार ठेवलंस तर फुटतली." तेव्हापासून सगळं मांगरात, वर्तमानपत्राखाली, दिवसातून दोनदा फिरवून. हिवाळ्यात आठ-दहा दिवस, एप्रिल-मे मध्ये पाच-सहा. भांडं सुकलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. रंग फिका झाला तरी भिंतीच्या आत ओल असते. भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे.

ही गालाची परीक्षा मला पहिल्या भट्टीच्या वेळी माहीत नव्हती. शेणी रचल्या, पेटवल्या, आणि दहाव्या मिनिटाला आतून फट्ट असा आवाज आला. मग आणखी दोनदा. सात भांड्यांपैकी तीन फुटली. तुकडे चपटे, भिंतीच्या पापुद्र्यासारखे होते. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. आता मी भांडी आधी छोट्या जाळाभोवती पालथी मांडून दोन तास फिरवत शेकते, हात लावता येणार नाही इतकी तापली की मगच शेणींमध्ये रचते. खाली नारळाची सोडणं आणि आंब्याच्या काटक्या, मध्ये भांडी, भोवती शेणी, वर कौलांचे तुकडे, त्यावर पेंढा आणि राख. संध्याकाळी पेटवायचं आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. फेब्रुवारीत मी पहाटेच राख बाजूला केली, गार वारा लागला आणि चांगल्या भाजलेल्या मडक्याला टिच्‌ करून चीर गेली. मातीतली गारगोटीची वाळू 573 अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम आकार बदलते, तापताना फुगते आणि निवताना आक्रसते. तो टप्पा हळू जायला हवा.

नीट भाजलेल्या भांड्यावर टिचकी मारली तर टण्ण वाजतं. चीर असेल तर थप्प. जिथे हवा पोचली तिथे लाल आणि जिथे शेण धुमसत राहिलं तिथे काळा डाग पडतो. असे डाग मला फार आवडतात. दोन भांडी एकसारखी निघत नाहीत.

आता वापराबद्दल. ही भांडी पाझरतात, हे धरूनच चालायचं. दह्याला यासारखं भांडं नाही. पाणी भिंतीत जिरतं आणि सकाळी सुरीने कापावं असं दही मिळतं. आमच्याकडे जानेवारीपासून स्टीलच्या भांड्यात दही लावलेलं नाही. रांधायच्या मडक्यात आधी दोन दिवस भाताची पेज उकळून ठेवली, म्हणजे छिद्रं बुजतात, तरच बांगड्याचं तिखलं त्यात घालावं. चुलीवर माझी दोन्ही मडकी टिकली. गॅसवर ठेवलेलं सपाट बुडाचं तिसऱ्या वेळेस बूड आणि पोट मिळतात त्या कोपऱ्यात तडकलं. गोल बुडाला कोपराच नसतो, ताण एका जागी साठत नाही. आपल्या जुन्या मडक्यांखाली चुंबळ का असायची, ते मला तेव्हा उमगलं. आता मी सपाट बूड फक्त कुंड्यांना ठेवते.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. माझं सगळ्यात सुबक जमलेलं बरणीसारखं भांडं, किनाऱ्यावरच्या गोट्याने दोन संध्याकाळ घोटून चकाकी आणलेलं, ते मी खडेमिठाला दिलं. मेपर्यंत छान होतं. पाऊस लागला, मिठाने ओल धरली, खारं पाणी भिंतीत मुरलं आणि बाहेरच्या बाजूला येऊन पुन्हा त्याचे खडे झाले. त्या खड्यांनी वरचा थर पापुद्र्यांनी उचलला. आज त्यावर बोट फिरवलं तर लाल पूड हाताला येते. मीठ, आमसुलं, आगळ, काहीही खारट असेल तर चिनी मातीची बरणीच घ्या.

सुरुवात करायची तर दसऱ्यानंतर करा आणि मे संपायच्या आत शेवटची भट्टी लावा. मी जूनमध्ये हट्टाने एक घागर उभी केली. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत कपडेही सुकत नाहीत, तिथे घागर काय सुकणार? तीन आठवडे मांगरात ठेवली, मग चुलीवरच्या माळ्यावर चढवली. रोज वर धूर जातो, ऊब जाते. आज सकाळी खाली काढून गालाला लावली. खांद्याशी कोमट आहे, बुडाशी अजून गार लागते.