तालुक्याच्या गावात घरी येणारी नर्स: ब्यूरोची की ओळखीची?

अर्धांगवायूचा किंवा खुब्याचं हाड मोडलेला पेशंट घरी आणला की तालुक्याच्या गावात दोनच वाटा उरतात. शहरातल्या नर्सिंग ब्यूरोला फोन करायचा, नाहीतर ओळखीतल्या निवृत्त सिस्टरना विचारायचं.

ब्यूरोत बारा किंवा चोवीस तासांची ड्युटी मिळते, एक सुट्टीवर गेली की दुसरी येते. ही सोय खरी आहे. मात्र ‘नर्स’ म्हणून आलेली मुलगी अनेकदा काही महिन्यांचा पेशंट असिस्टंटचा कोर्स केलेली असते. एएनएम (सहायक नर्स आणि सुईण) शिक्षण दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार, यातलं एक झालेलं असेल तरच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होते. पहिल्याच दिवशी प्रमाणपत्र मागा, नाव आधार कार्डाशी जुळवा, नूतनीकरणाची तारीख बघा. दाखवायला टाळाटाळ झाली तर इंजेक्शनला हात लावू देऊ नका.

निवृत्त सिस्टरांमध्येही फरक असतो. उपकेंद्रात नोकरी झालेल्या एएनएमचा हात लसीकरणात आणि बाळंतपणात बसलेला असतो, नाकातून पोटात घातलेल्या, भरवायच्या नळीची सवय असेलच असं नाही. वॉर्डात काम केलेल्या जीएनएम सिस्टर मिळाल्या तर त्यांनाच पहिली पसंती द्यावी.

पारख करायला इन्सुलिनचा प्रश्न पुरतो. मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० युनिट असलेल्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो आणि साखर धोकादायक खाली येते. बाटलीवरचा आकडा न वाचता सिरिंज उचलणारी व्यक्ती नको.

नळीतून भरवताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी. आडवं ठेवून भरवलं की अन्न फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. आणि पडून राहिल्याने दाब येऊन लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर चोळायची पद्धत कृपा करून बंद करा: तिथलं आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्याने जखम लवकर फुटते.

आमच्या मते पूर्ण वेळ नर्स ठेवण्याची गरज फार थोड्या घरांना असते. अंघोळ, कूस, भरवणं यासाठी शिकवून तयार केलेली मावशी, आणि ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) यांसाठी नोंदणी असलेल्या सिस्टरची ठरलेली फेरी, ही जोडी स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. कॅथेटर कधी घातला आणि तो लॅटेक्सचा की सिलिकॉनचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. लॅटेक्सचा लवकर बदलावा लागतो. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली हवी. शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस मात्र दवाखान्यातच घ्या. रिॲक्शन आली तर घरी एकट्या सिस्टरच्या हाती फारसं काही नसतं.