स्मार्ट होमच्या कामाचं दरपत्रक: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

गेल्या दिवाळीपासून मी स्मार्ट होमची कामं (फोनवरून किंवा आवाजानं चालणारे दिवे, पंखे, गीझर) पॉइंटच्या दरानं, म्हणजे दिवा, पंखा, प्लग अशा प्रत्येक जोडणीमागे ठरलेल्या दरानं, घेणं बंद केलं. स्वतःचं दरपत्रक बनवलं आणि प्रत्येक कोटेशन त्यावरच दिलं. आता पावसाळा तोंडावर आलाय. इतके महिने वापरून ते कुठे टिकलं आणि कुठे बदलावं लागलं, हे धंद्यातल्या माणसांसाठी सविस्तर लिहितोय. माझं काम नाशिकमधलं: गंगापूर रोडचे जुने बंगले, इंदिरानगरच्या जुन्या सोसायट्या आणि पाथर्डी फाट्याकडचे नवे फ्लॅट. पुण्या-मुंबईत आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत तीच राहील.

पॉइंटचा दर वाईट नाही. नव्या वायरिंगला त्याच्याइतकी सोपी रीत दुसरी नाही. गिऱ्हाईकही पॉइंट मोजतं, आपणही मोजतो, वादाला जागा उरत नाही. पण दिवा लागला की काम संपलं, असं तो दर धरून चालतो. स्मार्ट स्विचमध्ये दिवा लागल्यानंतर अ‍ॅपमध्ये घेणं, वाय-फायला जोडणं, खोल्यांची नावं, घरातल्या चौघांचे फोन, अलेक्सा हे सगळं बाकी असतं. आणि काही महिन्यांनी राउटर बदलला की फोन येतोच. ही मेहनत पॉइंटमध्ये घातली तर दर ऐकून गिऱ्हाईक मागे फिरतं, नाही घातली तर ती फुकट जाते.

पूर्वी हे मालावरच्या नफ्यातून भरून निघायचं. आता गिऱ्हाईक माझ्यासमोर फोनवर ऑनलाइन किंमत बघतं, बरेचदा वस्तू मागवूनच मला बोलावतं. अमेरिकेतला मुलगा इथल्या पत्त्यावर खोका पाठवतो आणि काका म्हणतात, "दादा, एवढं फक्त बसवून द्या." अशा कामात मजुरीलाच स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. म्हणून दरपत्रकाचा पाया तासावर धरला. महिन्याला ६० हजार सुटायला हवेत, कामाचे २२ दिवस, आणि आठ तासांतले जेमतेम पाच पैसे देणारे, बाकीचे प्रवासात, दुकानात आणि फोनवर जातात. म्हणजे ११० तास, तासाला साधारण ५५० रुपये. मदतनीसाची मजुरी आणि सामान वेगळं. पुढचे सगळे दर यातून आलेत. पाहणी, बोर्डाची तयारी, फिटिंग, सेटिंग आणि नंतरची सेवा अशा वेगवेगळ्या ओळी आहेत.

पाहणीचे ५०० रुपये, काम मिळालं तर बिलातून वजा. सगळ्यात जास्त धाकधूक मला याच ओळीची होती आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. प्रत्येक बोर्ड उघडून न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आहे का, मागच्या पेटीत मॉड्यूलला (बटणांमागे बसणारा स्मार्ट स्विचचा डबा) जागा आहे का, अर्थिंग धड आहे का, इन्व्हर्टरची लाइन कुठून फिरवलीय, हे बघतो. प्रत्येक बोर्डाजवळ फोनवर वाय-फायचा जोर मोजतो. तो उणे ७० डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप) कमजोर निघाला तर आधी राउटरची जागा बदला असं सांगतो. बहुतेक स्मार्ट स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा राउटरवर तो पट्टा चालू आहे का हेही तिथेच कळतं. फोटोंसकट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. नुसती चौकशी करणारे गळाले, पण ज्यांनी पाचशे दिले त्यांनी तो अहवाल वाचला आणि नंतर दरावर फारशी घासाघीस केली नाही.

बोर्डाची तयारी ही खरी कळीची ओळ. आपल्याकडच्या जुन्या घरांत ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे न्यूट्रल सापडतो. नुसत्या बटणांच्या बोर्डात फेज (वीज आणणारी वायर) येते आणि स्विच होऊन वर जाते, न्यूट्रल छतावरच राहतो. स्मार्ट स्विचमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला दिवा बंद असतानाही थोडी वीज लागते, म्हणून बहुतेकांना न्यूट्रल हवाच. बिनन्यूट्रलचे स्विच मिळतात, पण ते दिव्यामधूनच किंचित करंट ओढतात. कमी वॅटचा एलईडी असेल तर बंद केल्यावरही मिणमिणतो, मग दिव्याला समांतर कपॅसिटर लावावा लागतो. शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणारे कारागीर मी बघितलेत. हे करू नका. दोन सर्किटांवर वेगळे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारे सुरक्षा स्विच) असतील तर गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ट्रिप होतो. इन्व्हर्टरच्या लाइनशी न्यूट्रल मिसळला तर गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून न्यूट्रल आणण्याचा दर बोर्डामागे वेगळा ठेवलाय: जुन्या पाइपातून वायर ओढता आली तर ४५०, केसिंग-पट्टी (भिंतीवरून वायर नेणारी प्लॅस्टिकची पट्टी) लावावी लागली तर ६००, सामान वेगळं. भिंत कापायची झाली तर त्याचं कोटेशन स्वतंत्र. ही ओळ वेगळी दिसल्यावर लोकांचा विचारच बदलला. एका घरी काकूंनी न्यूट्रल नसलेले दोन बोर्ड वगळून बाकीचे करून घेतले, पैसे वाचले म्हणून त्या खूश आणि कटकट वाचली म्हणून मी.

न्यूट्रल तयार असलेल्या बोर्डात मॉड्यूल बसवायचे ३०० रुपये. गीझरचा दर वेगळा, ५००. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा तेरा. तिथे १० अँपिअरचं मॉड्यूल मी बसवत नाही, गिऱ्हाइकानं आणलेलं असलं तरी. १६ अँपिअरचंच लागतं, आणि आधी वायरची जाडी आणि जुने जोड तपासायचे. या तपासणीचेच ते पैसे आहेत.

पंख्यांबद्दल थोडक्यात: बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा, आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असेल तर जुना रेग्युलेटर काढायचा आणि स्मार्ट मॉड्यूलवरून वेग बदलायच्या भानगडीत पडायचं नाही, नुसतं चालू-बंद ठेवायचं. स्मार्ट लॉकचा दर पत्रकात ठेवला होता, तो काढून टाकला. दार सुताराचं काम आहे, सुतार बरोबर असेल तरच घेतो.

सेटिंगचे घरामागे ८०० आणि प्रत्येक उपकरणाचे १००. या ओळीवर सगळ्यात जास्त बोलावं लागतं, कारण हातात काही वस्तू पडत नाही. "अ‍ॅप तर फुकट आहे, मग पैसे कसले?" हा प्रश्न ठरलेला. मी त्यांना काय होणार ते मोजून सांगतो. खातं तुमच्या ईमेलवर निघेल, माझ्या फोनवर नाही. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात तुमच्याकडे राहील. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर अ‍ॅप चालेल. इंटरनेट बंद करून भिंतीवरचं बटण चालतं का हे तुमच्यासमोर दाखवीन. यातली पहिली गोष्ट आमच्या धंद्यात फार दुर्लक्षित आहे. कारागिराच्याच खात्यावर घरं चालू आहेत, कॅमेरे सुद्धा. तो माणूस गाव सोडून गेला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि तोवर दुसऱ्याच्या घरावरची नजर त्याच्या फोनमध्ये राहते. वयस्कर माणसांना मी अलेक्सा हिंदीवर लावून देतो आणि दिव्यांना देवघर, ओटा, जिना अशी त्यांच्या तोंडातलीच नावं देतो. अशा घरांतून पुढे फोन कमी येतात.

आकड्यात मांडायचं तर सहा बोर्डांचा जुना फ्लॅट, दोन ठिकाणी न्यूट्रल नाही आणि तिथे केसिंग-पट्टीच लावावी लागते: फिटिंग १८००, तयारी १२००, सेटिंग १४००. मजुरी ४४०० रुपये. बाजारात स्विचमागे १५० रुपयांत करून देणारी पोरं आहेत, त्यांच्या हिशोबात हेच काम ९०० चं होतं. अशा तुलनेत काही कामं माझ्या हातून गेली. काही ब्रँडचे कारागीर फुकट येऊन बसवून देतात, पण न्यूट्रल नसेल तर ते परत जातात. त्यानंतर मला बोलावणारी घरं बरीच मिळाली.

एक उणीव मात्र आहे. एखादाच प्लग आणि एक बल्ब असं काम असेल तर या पत्रकानं बिल फारच मोठं दिसतं. किमान १००० रुपयांची अट ठेवली होती, जुन्या गिऱ्हाइकांना ती खटकली. आता त्यांच्यासाठी असं छोटं काम दुसऱ्या वायरिंगच्या कामाला जोडून घेतो आणि पाहणी माफ करतो.

पैसे ४० टक्के आधी, ४० फिटिंग झाल्यावर, २० हँडओव्हरला. शेवटचे वीस टक्के अडकायचे. एका इंटेरिअरवाल्यानं एकच दिवा अ‍ॅपवर दिसत नाही म्हणून सगळी रक्कम रोखून धरली होती, आणि दिसत नव्हता तो त्यानंच बदललेल्या वाय-फायच्या पासवर्डमुळे. तेव्हापासून हँडओव्हरची यादी छापून घेतलीय. प्रत्येक पॉइंट गिऱ्हाइकासमोर बटणावरून आणि फोनवरून चालवायचा, टिक करायची, सही घ्यायची. बिल्डरच्या साइटवरही ही यादी चालते.

बिलाबद्दल विचारणारे खूप असतात. सेवेची उलाढाल महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली की साधारणपणे १८ टक्के लागतो. बिलावर मी वायरमन परवान्याचा क्रमांक टाकतो. पाचशेची पाहणी मागताना त्याचा चांगला आधार होतो.

नंतरची सेवा हा भाग अजून जमलेला नाही. महिनाभर सगळं मोफत, पुढे फोनवरची मदत मोफत आणि घरी गेलं तर ४०० रुपये, असं ठेवलंय. बहुतेक फोन राउटर बदलल्यावर येतात. त्यावरचा उपाय मी हँडओव्हरच्या कागदावरच लिहून देतो: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्विच आपोआप परत जोडले जातात. जे एवढं करतात त्यांच्याकडे जावंच लागत नाही. वार्षिक पॅकेजही ठेवलं होतं, पण साध्या दिवे-पंख्यांसाठी आगाऊ पैसे द्यायला कुणी तयार होत नाही. कॅमेरे असलेली आणि आई-वडील एकटे राहणारी घरं मात्र स्वतःहून विचारतात, कारण परगावच्या मुलांना कुणीतरी जबाबदार माणूस हवा असतो. या पावसाळ्यापासून पॅकेज फक्त त्या घरांपुरतं ठेवतोय, वर्षाला दोन भेटी, त्यात कॅमेऱ्यांबरोबर अर्थिंग आणि आरसीसीबीचं टेस्ट बटणही तपासायचं, १५०० रुपये.