लकव्यानंतर लोंबणारा पंजा आणि करंटची मशीन: वर्षभराचा अनुभव

लकव्यातून उठलेल्या माणसाचा पंजा लोंबत असेल, चालताना बोटं जमिनीला घासत असतील आणि कुणी करंटची मशीन घ्यायला सुचवलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, वर्ष होत आलं ही मशीन वापरतात. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. फिजिओसाठी यवतमाळ गाठावं लागतं, म्हणून रोजचं सगळं घरीच शिकून घ्यावं लागलं.

आधी एक सांगते. दुखण्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी टेन्स मशीन वेगळी आणि ही वेगळी. लकव्यात बिघाड मेंदूत होतो, पायाची नस शाबूत असते. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचं जे टोक हाताला लागतं, त्याला वळसा घालून ती नस जाते. तिला हलका करंट दिला की नडगीपुढचा स्नायू आवळतो आणि पंजा उचलला जातो. टाचेखाली बटण असतं: टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद. अमेरिकेत लिबरसन यांनी 1961 मध्ये हीच युक्ती मांडली होती. नसच तुटली असेल तर मात्र या मशीनचा उपयोग नाही.

सगळा खेळ पॅडच्या जागेचा आहे. बोटभर इकडेतिकडे झालं की पंजा वर यायच्या ऐवजी बाहेर वळतो, किंवा नुसती मुंग्यांसारखी चुरचुर होते. फिजिओने नेमकी जागा दाखवली तेव्हाच मी पेनाने खुणा केल्या आणि अंघोळीनंतर त्या पुन्हा गिरवत राहिले. आता हात आपोआप तिथे जातो. पहिल्यांदा करंट बसला तेव्हा मामाजी म्हणाले, "मुंग्या चढल्यावानी वाटते वो." पण पंजा उचललेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मशीन स्वतःहून मागितली.

गावातल्या अडचणी कंपनीच्या पुस्तकात नसतात. टाचेचं बटण बुटात बसवायचं असतं, आणि आमच्याकडे म्हातारी माणसं आयुष्यभर चपलेत किंवा अनवाणी वावरात गेलेली. शेवटी मागे पट्टा असलेली सँडल घेतली, बटण तिच्या तळाला पक्कं केलं. मे महिन्यात घामाने पॅड सुटतात, म्हणून उन्हाळाभर आम्ही उजाडायच्या आत चालवलं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला धरतो, तेव्हा ओसरीतच येरझारा. पॅड लावण्याआधी पाय साबणाने धुऊन कोरडा करायचा, तेल अजिबात नाही. काढल्यावर पॅड प्लास्टिकवर परत चिकटवायचे. तरी मधे एकदा कातडी लाल झाली, तेव्हा काही दिवस बंद ठेवलं. बटणाची वायर तुटली तेव्हा विकणाऱ्याकडून नवी यायला फार वेळ लागला, त्यामुळे जादा वायर आणि पॅड सुरुवातीलाच मागून घ्या.

फरक काय पडला? पाय फेकून अर्धगोल फिरवत चालणं कमी झालं, अडखळून पडण्याची भीती गेली. मशीन काढल्यावरही पंजा थोडा उचलतात, पण तो फरक लहान आहे, आणि त्यात रोज करून घेतलेल्या व्यायामाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. करंटने स्नायू लवकर थकतो, म्हणून थोडं चालवून बसवायचं, मग पुन्हा उठवायचं. पोटरी कडक असेल तर आधी ताण देऊन मोकळी करावी लागते, नाहीतर करंट वाढवूनही पंजा हलत नाही.

पंजा धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट कितीतरी स्वस्त पडतो, आणि चालण्याच्या वेगात दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच दिसला आहे. पैशांची ओढाताण असेल तर बिनदिक्कत स्प्लिंट घ्या, मशीनसाठी कर्ज काढू नका. आम्ही दोन्ही वापरतो: घरी मशीन, बाजाराला किंवा लग्नाला जाताना स्प्लिंट. छातीत पेसमेकर असेल तर ही मशीन लावू नका. फिट येत असतील किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि विकत घेण्याआधी फिजिओकडे एकदा लावून बघा. पंजा उचलला गेला तरच पैसे मोजा.