ऑनलाइन समुपदेशन : गाडीत बसून घेतलेला सात-आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीत एका बँकेच्या वसुली विभागात आहे. मार्चएंडच्या तोंडावर छातीत धडधड, पहाटे तीनला जाग असं सुरू झालं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, समुपदेशकाला भेटा." इथे भेटायला जायचं म्हणजे वेटिंगमध्ये शेजारी आपलाच एखादा थकबाकीदार बसलेला असायचा. म्हणून ऑनलाइन.

पहिलं अॅप पैसे घेऊन मोकळं झालं. चॅटचं पॅकेज होतं. मी रात्री पानभर लिहायचो, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर यायचं : वाईट वाटलं वाचून, दीर्घ श्वास घ्या. मध्येच समुपदेशक बदलले, परत पहिल्यापासून रामायण. उरलेले पैसे गेले ते गेलेच.

मग मित्राच्या ओळखीने पुण्याच्या एक मॅडम मिळाल्या, थेट व्हिडिओवर. 50 मिनिटांचे 1,200 रुपये. सुरुवातीलाच त्यांनी स्वतःची पदवी सांगितली, बोलणं गुप्त राहील पण जिवाला धोका दिसला तर घरी कळवावं लागेल हेही सांगितलं. जीएडी-7 ही सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 21 पैकी माझे 16 गुण. 15 पासून पुढे तीव्र चिंता धरतात.

खरी अडचण जागेची. टू बीएचकेमध्ये आई, बायको, मुलगा, दार लावलं की "काय झालं रे?" शेवटी शनिवारी संध्याकाळी आयर्विन पुलाच्या अलीकडे गाडी लावायची, काचा वर, फोन डॅशबोर्डच्या होल्डरला. शेंगदाणेवाला काच वाजवायचा, मॅडम म्हणायच्या, "घ्या घ्या, थांबते मी." रेंज मात्र घरापेक्षा तिथेच चांगली.

त्यांची पद्धत आरईबीटीची, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. माझी समजूत, समुपदेशन म्हणजे बोलून मन मोकळं करणं. इथे गृहपाठ! वहीत तीन रकाने : काय घडलं, त्यावर मी स्वतःशी काय म्हणालो, मग काय वाटलं. एकदा लिहिलं होतं, "रिव्ह्यू मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर बोलले. माझी इज्जत गेली." मॅडमनी विचारलं, "साहेब आणखी कुणाला बोलले?" आठवून पाहिलं, तर जवळजवळ सगळ्यांनाच. "मग त्यांचीही इज्जत गेली म्हणता?" हसू आलं. पण साहेबांनी मला बोलताच कामा नये, हा माझा हट्ट त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसला. सोडायला पुढे बरेच शनिवार गेले. ज्या आठवड्यात वही कोरी, त्या आठवड्याचे 1,200 पाण्यात.

व्हिडिओत फक्त चेहरा दिसतो. माझा पाय सतत हलत असायचा, ते त्यांना कितीतरी उशिरा, मी फोन मागच्या सीटवरून धरला तेव्हा कळलं. समोरासमोर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आणि समुपदेशक औषध देत नाहीत. झोप येईना तेव्हा मॅडमनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. थोडे दिवस गोळी घेतली, डॉक्टरांनीच बंद केली. (गेलो मिरजेला. सांगलीत नको म्हणून.)

आता गुण 5-6 वर आहेत. मीटिंगच्या आदल्या रात्री अजून जाग येते, पण परत डोळा लागतो. सेशन महिन्यातून एक.

निवडताना शिक्षण विचाराच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे तपासता येते. नुसतं समुपदेशक म्हणवून घ्यायला आपल्याकडे फारसं काही लागत नाही. विम्याच्या भरवशावर राहू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे सगळा खर्च खिशातून. तेवढी ऐपत नसेल तर 14416, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन. 2022 पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि स्वस्त पडतं म्हणून चॅटचं पॅकेज घेणार असाल, तर त्यापेक्षा महिन्यातून एकच व्हिडिओ सेशन घ्या.